बोअरचे पाणी, साबण आणि कार्बनच्या नळ्या

कार्बन नॅनोट्यूबची काळी भुकटी चिमूटभर घेऊन पाण्यात टाकली आणि कितीही वेळ ढवळली, तरी ती पाण्यात मिसळत नाही. थोडी भुकटी वर तरंगते, थोडी भांड्याच्या कडेला चिकटते आणि उरलेली तळाशी जाऊन बसते. याच नळ्या बॅटरीत, रंगात किंवा काँक्रीटमध्ये उपयोगी पडायच्या असतील, तर त्या एकेक सुट्या होऊन सगळीकडे सारख्या पसरलेल्या असाव्या लागतात. गोळा होऊन बसलेली भुकटी म्हणजे महागडी काजळीच. नळ्या सुट्या करण्यासाठी यंत्रे आहेत आणि ती आता मराठवाड्यातील पुष्कळ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही दिसतात. अवघड भाग त्यानंतरचा आहे: सुट्या झालेल्या नळ्या पुन्हा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून काय करायचे? याचे उत्तर शोधताना साबणासारखे साधे रेणू कुठे कमी पडतात आणि पॉलिमरचे लांब रेणू कुठे कामी येतात, हे ज्यांच्या घरी बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही त्यांना समजणे मुळीच कठीण नाही.

आधी या नळ्यांविषयी थोडे. पेन्सिलीच्या शिशात असते त्या ग्राफाइटचा केवळ एका अणूच्या जाडीचा थर गुंडाळून नळी केली, तर तिला एकभिंती नॅनोट्यूब म्हणतात. तिचा व्यास साधारण १ ते २ नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) असतो आणि लांबी त्याच्या शेकडो किंवा हजारो पट, म्हणजे मायक्रोमीटरमध्ये मोजण्याइतकी असते. अशा अनेक नळ्या एकीत एक बसलेल्या असल्या, तर ती बहुभिंती नॅनोट्यूब होते आणि तिच्या लगतच्या दोन भिंतींमधील अंतर ०.३४ नॅनोमीटर असते. सोव्हिएत संशोधकांनी १९५२ मध्ये कार्बनच्या पोकळ तंतूंची सूक्ष्मदर्शकातील चित्रे छापली होती, पण जगाचे लक्ष या नळ्यांकडे वेधले गेले ते जपानच्या सुमिओ इजिमा यांच्या १९९१ मधील शोधनिबंधामुळे. एकभिंती नळीचा शोध १९९३ मध्ये लागला.

या नळ्या एकमेकींना इतक्या घट्ट का धरतात, हे समजण्यासाठी ज्वारीच्या कडब्याची पेंढी डोळ्यांसमोर आणावी. पेंढीतली ताटे एकमेकांना समांतर, टोकापासून टोकापर्यंत अंगाला अंग लावून असतात. नॅनोट्यूबही तशाच रचल्या जातात. फरक एवढाच की कडब्याच्या पेंढीला बाहेरून आळा बांधावा लागतो आणि इथे ताटेच एकमेकांना ओढत असतात. ही ओढ म्हणजे व्हॅन डर वाल्स आकर्षण होय. दोन अणूंमध्ये ते अगदी क्षीण असते, पण दोन लांब आणि गुळगुळीत नळ्या संपूर्ण लांबीभर शेजारी आल्या की हजारो अणूंची क्षीण ओढ एकत्र जमा होते. एकभिंती नळ्यांसाठी दर मायक्रोमीटर लांबीमागे ही ऊर्जा साधारण ५०० इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) धरली जाते. खोलीच्या तापमानाला पाण्याचे रेणू जी धडपड करतात, तिची ऊर्जा सुमारे ०.०२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. म्हणजे एका मायक्रोमीटरच्या जोडीला सोडवण्यासाठी लागणारी ऊर्जा ही उष्णतेच्या नैसर्गिक धडपडीच्या जवळपास २०,००० पट झाली. साखर पाण्यात आपोआप विरघळते तशी नॅनोट्यूब कधीही विरघळणार नाही, याचे कारण या आकड्यात आहे. शिवाय कार्बनच्या या भिंतीवर पाण्याच्या रेणूला धरून राहण्यासारखे काहीच नसते. पाण्याचे रेणू आपापसातले बंध मोडून तिच्याभोवती राहण्यापेक्षा नळ्यांना एकत्र ढकलून मोकळे होणे पसंत करतात.

या आकर्षणाचा आणखी एक गुण मात्र आपल्या सोयीचा आहे. ते प्रचंड असले तरी त्याची पोहोच फार थोडी आहे. दोन नळ्यांमध्ये काही नॅनोमीटरचे अंतर पडले की ते इतके घटते की पाण्याच्या रेणूंची नेहमीची धडपडही त्याला पुरी पडते. पुढचा सगळा खटाटोप या एका वस्तुस्थितीवर उभा आहे: नळ्या एकदा दूर करा आणि त्यांच्यामध्ये काही नॅनोमीटरचा अडसर ठेवा.

दूर करण्याचे काम ध्वनीचे. प्रोब सोनिकेटर नावाच्या यंत्रात टायटॅनियमची दांडी सेकंदाला सुमारे २०,००० वेळा कंप पावते. त्यामुळे पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि क्षणार्धात मिटतात. मिटताना त्या ठिकाणी क्षणभर हजारो अंशांचे तापमान आणि पाण्याचे जोरदार झोत निर्माण होतात. या माऱ्याने पेंढी टोकाकडून उसवू लागते. नळीचे एक टोक थोडे सुटले की त्या फटीत सरफॅक्टंटचे, म्हणजे साबणासारखे, रेणू शिरून बसतात, फट मिटू देत नाहीत, पुढच्या झटक्याला ती आणखी वाढते आणि अखेरीस नळी संपूर्ण वेगळी होते. ही उसवण्याची कल्पना २००३ च्या सुमारास मांडली गेली आणि आजही तीच सर्वमान्य आहे. सोनिकेटर बंद केल्यावर जर फटीत शिरायला कोणी नसेल, तर नळ्या परत पेंढीत जातात. केवळ यंत्राचा वेळ वाढवून चांगले मिश्रण मिळेल असे मानणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात. वेळ वाढवल्याने नळ्या तुटून आखूड होतात, एवढे मात्र नक्की घडते.

आता त्या फटीत शिरणाऱ्यांकडे वळू. सरफॅक्टंट म्हणजे ज्याचे एक अंग पाण्याला टाळते आणि दुसरे पाण्यात रमते असा रेणू. सर्वांत परिचित उदाहरण सोडियम डोडेसिल सल्फेटचे, म्हणजे एसडीएसचे. शाम्पू आणि टूथपेस्टच्या वेष्टनावर ते सोडियम लॉरिल सल्फेट या नावाने दिसते. त्याची बारा कार्बनची शेपटी नळीच्या भिंतीला बिलगते आणि ऋणभारित डोके पाण्याकडे राहते. सगळ्या नळ्यांवर असा ऋण भार बसला की त्या एकमेकींना दूर सारतात. अमेरिकेतील राइस विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये याच एसडीएसच्या मदतीने एकेकट्या सुट्या नळ्या मिळवल्या आणि सुट्या नळ्या अवरक्त प्रकाशात चमकतात हे दाखवून दिले. पेंढीत असताना ती चमक विझलेली असते, कारण शेजारच्या धातूगुणी नळ्या ती ऊर्जा गिळून टाकतात. नॅनोट्यूबच्या अभ्यासात हा टप्पा फार महत्त्वाचा मानला जातो.

पण भारावर उभ्या असलेल्या या व्यवस्थेचे पाण्यातल्या क्षारांशी जमत नाही. मराठवाड्याच्या काळ्या बेसॉल्ट खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी असे आहे. बादलीच्या कडेला पांढरा थर चढणाऱ्या गावांत ही दुसरी मर्यादाही अनेकदा जवळ आलेली असते. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही, कारण कॅल्शियम साबणाच्या रेणूंना पकडून त्यांचा न विरघळणारा साका करतो. एसडीएस अंगाच्या साबणापेक्षा थोडे अधिक सोसते, परंतु त्याचेही कॅल्शियम लवण खोलीच्या तापमानाला पाण्यात फारसे विरघळत नाही. दुसरा घाव त्याहून खोल आहे. पाण्यात आयन, म्हणजे क्षारांचे विद्युतभारित कण, वाढले की ते भारित नळीभोवती गर्दी करतात, तिचा ऋण भार झाकून टाकतात आणि दुरून दूर सारण्याची तिची शक्ती नाहीशी होते. सोव्हिएत संघातील देर्यागिन व लांडाऊ यांनी १९४१ मध्ये आणि नेदरलँड्समधील फेरवे व ओव्हरबेक यांनी १९४८ मध्ये याचे गणित मांडले. त्या गणितानुसार आयनावरचा भार दुप्पट झाला की त्याची साका पाडण्याची ताकद टोकाच्या परिस्थितीत ६४ पटींपर्यंत वाढते. प्रत्यक्षात ती इतकी नसते, तरी सोडियमपेक्षा कॅल्शियम कितीतरी अधिक घातक ठरतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर माती खाली बसते, त्यात तुरटीतल्या ॲल्युमिनियमच्या तिहेरी भाराचा हाच हात असतो. नळाच्या पाण्यासाठी जे हवेसे, ते नॅनोट्यूबच्या मिश्रणासाठी नकोसे.

यावर कोणी म्हणेल की प्रयोगशाळेत आयनविरहित पाणी वापरावे म्हणजे प्रश्न मिटला. प्रयोगशाळेपुरता तो मिटतोही. पण नॅनोट्यूबला पुढे जायचे असते ते सिमेंटमध्ये, जिथले पाणी कॅल्शियमने भरलेले आणि तीव्र अल्कधर्मी असते. रंगात, जिथे इतर क्षार असतात. किंवा रक्तासारख्या द्रवात, जिथे मिठाचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या जवळपास चौथा हिस्सा असते. तिथे आयनांपासून सुटका नाही.

पॉलिमरवर आधारलेले सरफॅक्टंट इथे उपयोगी पडतात. त्यांपैकी प्ल्युरॉनिक या व्यापारी नावाने ओळखले जाणारे, आणि औषधशास्त्रात पोलोक्सामर म्हटले जाणारे, रेणू सर्वाधिक वापरात आहेत. हा रेणू तीन तुकड्यांचा असतो. मधला तुकडा पॉलिप्रॉपिलीन ऑक्साइडचा, तो पाण्याला टाळतो. दोन्ही बाजूंचे तुकडे पॉलिइथिलीन ऑक्साइडचे, ते पाण्यात सुखाने पसरतात. प्ल्युरॉनिक एफ१२७ या प्रकारात मधली साखळी सुमारे ६५ घटकांची आणि दोन्ही बाजूंच्या साखळ्या प्रत्येकी सुमारे १०० घटकांच्या असतात. एकूण रेणुभार १२,६०० च्या आसपास जातो. या नावातही माहिती भरलेली आहे: एफ म्हणजे पदार्थ पापुद्र्यांसारख्या घन स्वरूपात मिळतो, शेवटच्या ७ चा अर्थ वजनाने साधारण ७० टक्के भाग पाणीप्रिय आहे, आणि १२ ला ३०० ने गुणले की मधल्या तुकड्याचा अंदाजे रेणुभार, म्हणजे ३,६००, मिळतो. बाटलीवरचे लेबल वाचता आले की अर्धी निवड झाली.

मधला तुकडा नळीच्या भिंतीवर बसतो आणि दोन्ही शेपट्या पाण्यात काही नॅनोमीटरपर्यंत डुलत राहतात. अशी दोन आच्छादने जवळ येऊ लागली की शेपट्या एकमेकींत घुसतात, त्यांना हालचालीला जागा उरत नाही, त्या जागी पॉलिमरची दाटी होते आणि ती पातळ करण्यासाठी बाहेरचे पाणी आत घुसून दोन्ही नळ्यांना पुन्हा लांब करते. या रक्षणात विद्युतभाराचा संबंधच नाही. म्हणून पाण्यात मीठ असो वा कॅल्शियम, ते झाकून टाकायला इथे भारच नसतो. क्षारांचे प्रमाण फारच वाढले आणि पॉलिइथिलीन ऑक्साइड स्वतःच पाण्यातून बाहेर पडू लागले तरच हे रक्षण ढासळते, आणि बोअरचे पाणी त्या मर्यादेच्या पुष्कळ अलीकडे असते. राइस विद्यापीठातच २००३ मध्ये निरनिराळ्या सरफॅक्टंटची तुलना झाली, तेव्हा विनाभारित पॉलिमरमध्ये ज्यांच्या पॉलिइथिलीन ऑक्साइडच्या साखळ्या अधिक लांब, ते नळ्यांना अधिक चांगले विखुरतात असे आढळले. आकर्षणाची पोहोच काही नॅनोमीटरची आहे हे लक्षात घेतले, तर आखूड शेपटी का पुरत नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. दोन बाटल्यांत, एकीत एसडीएसने आणि दुसरीत प्ल्युरॉनिकने विखुरलेले मिश्रण घेऊन दोन्हींत कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण थेंब थेंब घालत जाणे हा पदव्युत्तर वर्गासाठी उत्तम प्रयोग आहे. एसडीएसच्या बाटलीत आधी कण दिसू लागतात.

सगळेच पॉलिमर असे तीन तुकड्यांचे किंवा बिनभाराचे नसतात. बिनभाराचे पॉलिव्हिनिल पायरोलिडोन, म्हणजे पीव्हीपी, आणि भारित पॉलिस्टायरीन सल्फोनेट यांच्या साखळ्या नळीभोवती गुंडाळल्या जातात, आणि द्रावक बदलला की पुन्हा सुटतातही, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. डीएनएचे एकपदरी तुकडेसुद्धा हे काम करतात. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज भारही देतो आणि आडही येतो, म्हणजे त्यात दोन्ही प्रकारचे रक्षण एकत्र असते.

डिंकाचे उदाहरण मला यांत सर्वांत आवडते. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले की अरबी डिंकाच्या द्रावणात एकभिंती नळ्या सुट्या होतात आणि दीर्घकाळ तशाच राहतात. बातमी नवी असली तरी कृती जुनी आहे. दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात घोटून केलेल्या शाईने आपल्याकडच्या पोथ्या लिहिल्या गेल्या. काजळी म्हणजे कार्बनच, आणि डिंक नसेल तर तीही पाण्यात टिकत नाही. डिंकातल्या लांब, फांद्या फुटलेल्या शर्करा-साखळ्या पाण्यात पसरतात आणि कणांना अंतरावर ठेवतात. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकलेल्यांना सुवर्णांक आठवत असेल: सोन्याच्या कलिली (अतिसूक्ष्म कण तरंगत असलेल्या) द्रावणात मीठ घातल्यावर साका पडू नये म्हणून रक्षक कलिल किती लागते, याचे ते माप. ते बसवणारे रिचर्ड झिगमोंडी यांना १९२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. परीक्षेपुरता पाठ केलेला तो सुवर्णांक आणि नॅनोट्यूबवरचे हे पॉलिमरचे आच्छादन, या दोन्हींत एकच तत्त्व आहे. मराठवाड्यातील बांधांवरची बाभूळ अरबी डिंक देणाऱ्या झाडाच्या नात्यातली आहे, पण जात वेगळी. तिचा डिंक प्रयोगाला घ्यायचा तर त्याची शुद्धता आणि क्षार आधी तपासावे लागतील.

पॉलिमर किती घालायचा, हा प्रश्न सुरुवातीला वाटतो तितका किरकोळ नाही. एक ग्रॅम एकभिंती नळ्या पूर्ण सुट्या केल्या तर त्यांच्या बाहेरच्या पृष्ठभागाचे सैद्धांतिक क्षेत्रफळ सुमारे १,३०० चौरस मीटर, म्हणजे साधारण १३ गुंठे भरते. एवढे रान झाकायचे तर नळ्यांच्या वजनापेक्षा कितीतरी अधिक पॉलिमर लागणार हे उघड आहे, आणि म्हणून प्रयोगशाळेत पाण्यात १ टक्का प्ल्युरॉनिक आणि त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतक्या नळ्या असे प्रमाण सर्रास दिसते. कमी पडले तर एकाच साखळीची दोन टोके दोन नळ्यांना धरतात आणि उलट गुठळ्या होतात. जास्त झाले तरी बिघडते: नळ्यांवर न बसलेले पॉलिमरचे पुंजके दोन नळ्यांमधल्या अरुंद जागेत मावत नाहीत, बाहेरून दाब देतात आणि नळ्यांना जवळ ढकलतात. ‘थोडे आणखी घाला’ हा सल्ला इथे चालत नाही.

तापमानाकडेही लक्ष ठेवावे लागते, आणि उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या भागात तर अधिकच. प्ल्युरॉनिकचा मधला तुकडा थंड पाण्यात बऱ्यापैकी मिसळतो, पण पाणी तापले की पाण्याला टाळू लागतो. म्हणून हा पॉलिमर विरघळवायचा तो फ्रिजमधल्या पाण्यात, गरम पाण्यात नव्हे. एफ१२७ चे २० टक्के द्रावण फ्रिजमध्ये पातळ असते आणि उन्हाळ्यात टेबलावर ठेवले की घट्ट जेली होते, अगदी जिलेटिनच्या उलट. १ टक्क्याच्या द्रावणात जेली होत नाही, तरीही सोनिकेटर चालू असताना भांडे बर्फात ठेवलेच पाहिजे, कारण ध्वनीची बहुतेक ऊर्जा उष्णतेतच जाते. फार वेळ चाललेल्या सोनिकेशनने नळ्यांबरोबर पॉलिमरही तुटतो, आणि त्या तुकड्यांचा पेशींवर विषारी परिणाम होतो असे प्रयोगांत दिसले आहे. औषधासाठी काम करणाऱ्यांनी हे विसरू नये.

सोनिकेशननंतर न उसवलेल्या पेंढ्या सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, खाली बसवल्या जातात. सुटी नळी आणि तिच्यावरचे आच्छादन मिळून पाण्याइतकेच हलके असते, म्हणून ते वर राहते. घन पेंढी जड असल्याने तळाशी जाते. वरचा काळा, पण उजेडात पारदर्शक दिसणारा द्रव वेगळा काढायचा असतो. तो चांगला आहे की नाही हे ठरवण्यासाठी प्रकाश शोषणाचा वर्णपट पाहतात: सुट्या एकभिंती नळ्या टोकदार शिखरे देतात, पेंढ्या पसरट. झीटा विभव, म्हणजे कणाच्या पृष्ठभागालगतचे विद्युत विभव, मोजून निकाल लावण्याची आपल्याकडे फार सवय आहे. हे विभव उणे किंवा अधिक ३० मिलिव्होल्टच्या पुढे असले तरच मिश्रण स्थिर, हा नियम भारावर टिकणाऱ्या मिश्रणांचा आहे. प्ल्युरॉनिकने सांभाळलेल्या नळ्यांचे झीटा विभव शून्याजवळ असूनही ते मिश्रण महिनोन्महिने टिकू शकते, आणि त्याला अस्थिर ठरवणारा प्रबंध स्वतःच चुकलेला असतो. गोल कण गृहीत धरून आकार सांगणारे प्रकाश-विकिरणाचे यंत्रही या काटकुळ्या नळ्यांबाबत फसवते.

कोरडी भुकटी हाताळताना मात्र मास्क आणि बंदिस्त कपाट लागते. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये हवेतल्या नॅनोट्यूबसाठी घनमीटरला १ मायक्रोग्रॅम अशी शिफारस केली, आणि बहुभिंती नळ्यांच्या एका विशिष्ट प्रकाराला जागतिक कर्करोग संस्थेने मानवात कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात घातले आहे. पाण्यात भिजलेली नळी हवेत उडत नाही, हाही विखुरण्याचा एक फायदाच. पण उघड्या भांड्यात सोनिकेटर चालवला की तुषार उडतात, तेव्हा झाकण हवे.

बांधकामात या ज्ञानाचा उपयोग सरळ आहे. रेडीमिक्स काँक्रीटमध्ये पाणी कमी करण्यासाठी जे पॉलिकार्बॉक्सिलेट मिसळतात, त्याच्या पाठीच्या कण्याला पॉलिइथिलीन ऑक्साइडच्याच शेपट्या लावलेल्या असतात, आणि त्याच पदार्थाने नॅनोट्यूब विखुरून सिमेंटमध्ये मिसळता येतात. एसडीएसने तेच करू गेल्यास कॅल्शियम आडवा येतो, वर फेसामुळे काँक्रीटमध्ये हवा अडकून ताकद घटते.

विजेच्या कामात अडचण वेगळी आहे. नळ्यांना अलग ठेवणारा पॉलिमर स्वतः वीजवाहक नसतो. मिश्रण काचेवर पसरून वाळवले की नळ्या एकमेकींवर टेकतात, पण त्यांच्यामध्ये प्ल्युरॉनिकचा थर राहतो आणि रोध वाढतो. त्यासाठी पापुद्रा पाण्याने वा योग्य द्रावकाने धुतात किंवा पॉलिमर जळून जाईल पण नळ्या जळणार नाहीत इतपत तापवतात. लिथियम-आयन बॅटरीच्या ऋण विद्युतअग्राच्या (इलेक्ट्रोडच्या) पेस्टमध्ये हा खटाटोप बहुतांशी वाचतो, कारण तिथे नळ्या विखुरणारा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज हाच पुढे सगळे कण तांब्याच्या पत्र्यावर धरून ठेवण्यासही हातभार लावतो, आणि अगदी थोड्या एकभिंती नळ्यांनी सिलिकॉनच्या फुगणाऱ्या कणांमधली वीजवाट तुटत नाही. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या कारखान्यांची चर्चा सुरू असताना, रसायनशास्त्राच्या पदवीधरांना कामाचा वाटेल असा हा विषय आहे: पाण्यात घोटलेली काळी पेस्ट, तिची दाटी, तिच्यातल्या नळ्यांची लांबी आणि पॉलिमरचा रेणुभार यांवर त्या विद्युतअग्राचा रोध ठरतो.